इंग्लंडहून आलेला जिना

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय शहरापासून अर्ध्या तासावर एक इंग्रजी थाटाचं घर आहे. मोटारींच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एका गृहस्थांनी ते शंभरेक वर्षांपूर्वी बांधलं. नोकरी सुटल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी तिथे व्हॉलंटियर झाले, येणाऱ्यांना घर दाखवायला लागले. त्याला आता दोन वर्षं झाली. ओकचा जिना इंग्लंडमधल्या एका पाडलेल्या हवेलीतून सुटा करून बोटीने आणला, बटाट्याच्या शेतावर गुलाबांची बाग केली, आणि एवढं करून मालक त्या घरात जेमतेम सहा वर्षं राहिले. हे सांगताना हल्ली माझ्या मनात ग्रोसरीची यादी चालू असते.

मार्चमधल्या एका शनिवारी शेवटच्या टूरला एकच बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, बोलणं अस्सल ब्रिटिश. मी नेहमीची कॅसेट लावली. जिन्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"हा जिना ज्या हवेलीतला, ती आमच्या गावची. माझी आजी तिथे मोलकरीण होती. रोज पहाटे गुडघ्यांवर बसून या पायऱ्यांना मेण लावायची."

"म्हणजे या जिन्यावरून त्या..."

"छे! नोकरांना मागचा जिना. यावरून ती एकदाही चालली नाही."

जिन्याला दोरी बांधलेली असते, पाहुण्यांना आम्ही लिफ्टने नेतो. कॅमेरा आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी दोरी सोडली. "या," म्हटलं.

त्या एकेक पायरी चढल्या. मी दंड धरला होता. मध्येच थांबून त्यांनी कठड्यावरच्या कोरीव द्राक्षांतून बोट फिरवलं. वर पोचल्यावर त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "फार घसरडा आहे हो," आणि लिफ्टने खाली आल्या.

सोमवारी मॅनेजरबाईंचा फोन आला. "त्या पडल्या असत्या तर?"

त्यांचं बरोबरच होतं. मी सॉरी म्हटलं, आजीची गोष्टही सांगितली. त्या मग म्हणाल्या, "महिनाभर तुम्ही तिकीट काउंटरवर बसा."

घरी मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो अनफेअर!"

मला तसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर, महिनाभर तेच ते बोलायला लागणार नव्हतं याचंच बरं वाटलं.