हरिगंधचक्र

आमच्या मंगळवार पेठेत देव न मानणारा माणूस एकच होता, आणि पेठेतल्या निम्म्या बायका हात जोडायला जात त्या त्याच्याच घरी. हा माणूस म्हणजे माझे शेजारी, रसायनाचे मास्तर. मी त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवी. आमटी पानात पडली की मास्तर तिच्या उष्णतेचा अंदाज बांधू लागत, आणि तोवर आमटी निवून जाई. जीव मात्र त्यांचा एका बोटभर कुपीत होता. जर्मनीला शिकायला गेलेल्या मित्रानं ती पाठवली होती. आत पाण्यासारखा बिनरंगी द्रव. "चार कार्बन नि एक गंधक गोल पंगतीला बसल्यात," मास्तर सांगत, "आणि गंधकाशेजारच्या कार्बनाला एक क्लोरिन चिकटलाय, पावण्यासारखा." एकदा त्यांनी एकच थेंब पेलाभर पाण्यात सोडला. तो तळाशी जाऊन तसाच बसला. "बुडतंय, पण मिसळत न्हाय," असं म्हणून मास्तर स्वतःचंच कौतुक झाल्यासारखे लाजले. याचा उपयोग काय, असं विचारलं की अर्धा तास गेलाच. रंग निघतील, औषधं निघतील. मला तर निळा रंग करून द्यायचं वचनच होतं. पण कुपी एकुलती एक, वापरली तर संपणार, म्हणून त्या थेंबानंतर तिचं बूच कधी निघालं नाही.

जर्मन नाव कुणाच्या जिभेला वळेना, तेव्हा मास्तरांनी मराठी नाव घडवलं. क्लोरिन हिरवट म्हणून हरि, गंधकाचा गंध आणि गोल पंगतीचं चक्र: हरिगंधचक्र. इथंच ते फसले.

"हरी हाय, गंध हाय, चक्र हाय," मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "मग फळीवर कशाला ठिवायचं?"

कुपी देव्हाऱ्यात गेली. तिला रोज कुंकवाचं बोट लागू लागलं, शेजारणी दर्शनाला येऊ लागल्या. मास्तरांनी आदळआपट केली. "ते पेट घेतंय, निरांजन तरी लांब ठेव," एवढंच काय ते त्यांचं ऐकलं गेलं.

मग प्लेग आला आणि पेठ रिकामी करायचा हुकूम निघाला. मास्तरांनी पुस्तकं बांधली, काट्याचा तराजू काखेत मारला. माळावरच्या झोपडीत पोचल्यावर त्यांना कुपी आठवली. घरांना कुलपं लागली होती, परत जायला बंदी होती. एवढा धिप्पाड माणूस मटकन खाली बसला. मला फार वाईट वाटलं. वहिनींनी आपलं गाठोडं सोडलं. अन्नपूर्णेशेजारी, खणात गुंडाळलेली कुपी होती.

"अवं, देव मागं ठिवून येत्यात व्हय कुणी?"

कुंकवाबद्दल मास्तर पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत.

पुढे काही वर्षांनी वहिनी गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा कुपी देव्हाऱ्यातच होती आणि मास्तरांनी लावलेलं निरांजन लांब, कोपऱ्यात. त्यांना बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम विचारलं, "मास्तर, उपयोग काय हो याचा?" त्यांनी कुपी पुसायला घेतली. काचेवर वहिनींच्या बोटाचं वाळलेलं कुंकू होतं. ते दिसताच फडकं खाली ठेवलं.

"सांभाळायचं की," मास्तर म्हणाले.