एकच हात, आठ वेळा

उकंडराव पेंटर चहाची बशी ओठांकडे नेता नेता मध्येच थांबत आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत बसत. चहा निवून जाई. समोरच्यालाही ते सोडत नसत. वर्ध्याच्या भर बाजारात त्यांनी एकदा मला एक पाय उचललेल्या अवस्थेत उभं केलं. "थांबा भाऊ, हालू नका!" मी चिडलो, तर म्हणाले, "चिडा खुशाल, पण पाय खाली ठेवू नका."

धंदा पाट्या रंगवण्याचा. पण त्यांचा जीव होता एका लाकडी पेटीत. वर्ध्याला पाहुणे म्हणून आलेले एक जपानी गृहस्थ जाताना ती त्यांना देऊन गेले होते. तिकडे म्हणे गोष्ट सांगणारे सायकलवर अशी पेटी लादून गल्लोगल्ली हिंडतात. समोर चौकट, आत जाड कागदावरची चित्रं एकामागे एक. पुढचं बाजूला ओढलं की मागचं दिसतं. उकंडरावांनी यात स्वतःची भर घातली. फळीवर दोन खिळे ठोकले आणि प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडून तो त्या खिळ्यांवर बसवूनच चित्र काढायचं, म्हणजे रेघ तसूभरही सरकत नाही. "जे हालाचं तेवढंच हाललं पाहिजे," ते म्हणत. "बाकी समदं जागच्या जागी. तवाच डोळ्याले वाटते का चित्र जितं हाय."

काजळाची जाड रेघ, सपाट रंग, छाया नाहीच. मी एकदा विचारलं, "काकाजी, या बाईला नाक कुठं आहे?"

"मांगं बसलेल्या म्हातारीले नाक दिसत नाई. मंग कायले काढू?"

मला हे सगळं पोरखेळ वाटे. मी पत्रकं लिहिणारा माणूस. लोकांना सत्य ठणकावून सांगावं, न ऐकतील तर आणखी मोठ्या अक्षरांत सांगावं, हे माझं शास्त्र. एका साली आर्वीकडच्या एका गावात देवी टोचण्याच्या मोहिमेत मी असंच ठणकावलं होतं: "टोचून घ्या! कसलाही त्रास होत नाही!" पंधरावीस पोरांनी टोचून घेतलं. आठव्या दिवशी सगळ्यांचे दंड सुजले, फोड पिकले, अंगात ताप भरला. तो भरणारच होता, डॉक्टरांनी मला आधी सांगितलंही होतं. पण त्रास होतो असं छापलं तर कोण येईल, म्हणून मी ते गाळलं होतं. आता गाव म्हणू लागलं, यांनीच देवी आणली. लपवून ठेवलेली तान्ही पोरं कोणी बाहेर काढेना. आणि नदीपलीकडच्या वस्तीत खरोखरच्या देवीनं दोन माणसं गेली होती.

मी उकंडरावांकडे धावलो. त्यांनी दोन दिवसांत आठ चित्रं काढली. एकच दंड, आठ वेळा: कोरा, टोचलेला, लाल दाणा, पाण्याचा फोड, पिकून सुजलेला, वाळता, काळी खपली, शेवटी वण. पाचवं चित्र बघवत नव्हतं.

"हे काढून टाका," मी म्हणालो. "लोक भितील."

"ते भेलेच हायेत, भाऊ."

मला पटलं नाही. बैलगाडीतून जाताना मी चौथं आणि पाचवं चित्र हळूच काढून माझ्या पिशवीत सारलं.

सकाळी पारावर गाव जमलं ते ऐकायला कमी आणि मला धरायला जास्त. सर्वांत पुढे चंद्रभागाबाई. तिच्या मोठ्या पोराचा दंड टरारून फुगला होता, आणि धाकटी, सहा महिन्यांची पोरगी, घरात दडवलेली होती. उकंडरावांनी चित्रं ओढायला सुरुवात केली. लाल दाणा गेला आणि एकदम वाळका फोड आला.

"काऊन जी!" चंद्रभागाबाई उसळली. "तुमच्या हाताले फोडच नाई आला? आमच्याच पोराले आला काय?"

हशा झाला, पण तो चांगला नव्हता. उकंडरावांनी पेटीच्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. नुसता हात पुढे केला. सगळ्या गावासमोर मी पिशवीतून ती दोन चित्रं काढून दिली.

"हे नेते हायेत," ते लोकांना म्हणाले. "यायले वाटलं तुम्ही लहान पोट्टे हा. आता पयल्यापासून पाहा."

या वेळी ते सावकाश ओढत होते. अर्ध्यावर थांबत, म्हणजे जुना दंड आणि नवा दंड क्षणभर एकमेकांत मिसळत. फोड डोळ्यांदेखत चढला. पाचव्यावर ते थांबले. चंद्रभागाबाईनं पोराला पुढे ओढून त्याचा दंड चौकटीशी लावला.

"हेच. अस्संच हाय. याच्यापुढं?"

त्यांनी ओढलं. फोड बसला, काळा पडला, गळला, वण उरला.

"आणखी एक डाव ओढा."

त्यांनी तीनदा ओढलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा कागद खोटा. पण एवढं खराब चित्र काढणारा माणूस कायले खोटं बोलंन?" आणि घरात जाऊन पोरगी घेऊन आली. तिच्यामागे बाकीच्या बाया.

पुढचे दिवस मी अन्न नुसतं चिवडत होतो. नवव्या दिवशी आम्ही दोघं परत गेलो. चंद्रभागाबाई ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी कुरकुरत होती, अंग गरम होतं, दंडावर फोड टरारलेला. मी डॉक्टरांना आणायला आल्या पावली वळलो. ती मात्र निवांत.

"घाबरू नका, बावा," तिनं मलाच धीर दिला. "पाचवं चित्र हाय. तीन राह्यले. शेजारणीच्या पोराचं कालपासून सहावं लागलं."

नदीपलीकडून आजार आला नाही का, मी विचारलं. आला नाही, ती म्हणाली.

मी तिथंच ओसरीवर बसकण मारली. किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला कोण जाणे. उकंडराव वाकून, एक डोळा मिटून पोरीच्या दंडाकडे बघत होते.

"भाऊ," ते हळहळून म्हणाले, "लाली आणखी खालपर्यंत पसरते. माह्यं पाचवं चित्र कमी भेसूर निघालं. घरी जाऊन दुरुस्त करतो."