पुलावर थांबलेल्या वीराची गाणी

आमच्या अल्बममधलं पहिलं गाणं सुरू होतं ते एका लांबलचक गुरगुरण्याने. ऐकणारे माझ्या भावाला हमखास विचारतात, "हा गाणारा कुठला रे?" भाऊ माझ्याकडे बोट दाखवतो. समोरचा माणूस माझ्याकडे बघतो आणि पुन्हा भावाकडे बघतो, चेष्टा करतोय की काय म्हणून.

या संगीताला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात. ड्रम तुफान वाजतो, गाणारा घशाच्या तळातून गुरगुरतो, पण त्या सगळ्या गदारोळातून गिटारची एक सुरेल चाल शेवटपर्यंत वाहत राहते. जपानी लोककथा आणि सामुराई हा आमच्या गाण्यांचा विषय. पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर, गोठ्याशेजारच्या खोलीत, हे असलं काही कसं झालं ते सांगायला मला आवडतं. कारण त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि मला मिळालेलं फार.

लहानपणी मी गात असे. गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी गवळण म्हणायला मलाच पुढे करत. आई बायकांत बसून ऐकायची आणि गवळण संपली की पदराने माझं तोंड पुसायची, जणू मी उन्हातून पळत आले होते. पुढे सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्या येणार अशी बोलवा उठली, तेव्हा वडिलांनी मला पुण्याला ती भाषा शिकायला पाठवलं. तीन पिढ्यांत घरातलं कुणी नगरच्या पलीकडे शिकायला गेलं नव्हतं. वडील आता नाहीत, पण त्यांच्या त्या एका हट्टावर माझं सगळं उभं आहे.

कारखान्यात मी दुभाषी म्हणून लागले. तिथे मशीन बसवायला जपानहून आलेले एक वयस्कर इंजिनिअर होते. त्या भाषेत नावापुढे आदराने 'सान' लावतात. आमच्या कामगारांना वाटलं हेच त्यांचं नाव, आणि ते 'सान साहेब' झाले. त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही.

नोकरीत स्थिरावते न स्थिरावते तोच माझ्या गळ्यावर गाठ आली. थायरॉईडची. नगरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आईने देवीला नारळ वाढवला. पण शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं तेव्हा तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. डॉक्टर बाईंनी नळी घालून तपासलं. स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्यांपैकी एक हलत नव्हती. अशा ऑपरेशनात कधी कधी असं होतं, त्या म्हणाल्या, बरीचशी माणसं सुधारतात. मी सुधारले, पण कुजबुजण्यापर्यंतच. गाणं गेलं ते गेलंच.

दुभाष्याला आवाज नसला तर तो काय कामाचा? मी काम सोडते म्हणून सांगायला सान साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुमचा आवाज कमी झाला आहे. भाषा गेली आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आम्हीच जवळ येऊन बसू."

दुसऱ्या दिवसापासून सकाळची मीटिंग प्रेस मशीनजवळून उठून कॅन्टीनशेजारच्या शांत खोलीत आली. खुर्च्या गोल मांडलेल्या, माझी मधोमध. "ताईला दोनदा बोलायला लावायचं न्हाई," असं कामगारांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. कुणी खोकला तरी बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारून बघत.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला रोज थोडं सावकाश, न ताणता, बोलायला सांगितलं होतं. हे सान साहेबांच्या कानावर गेलं. जेवणाच्या सुट्टीत ते डबा संपवून म्हणाले, "मी एक गोष्ट सांगतो. तुम्ही ती यांना मराठीत सांगा." पहिल्या दिवशी त्यांनी कप्पाची गोष्ट सांगितली. कप्पा नदीत राहतो, पोराएवढा असतो, पाठीला कासवाचं कवच आणि डोक्यावर पाण्याने भरलेली बशी. माणसांना पाण्यात ओढतो. पण त्याला वाकून नमस्कार केला की तोही रीत म्हणून वाकतो, बशीतलं पाणी सांडतं आणि त्याची ताकद संपते. त्याला काकडी आवडते, म्हणून शेतकरी नदीत काकडी सोडतात.

मी कुजबुजत सांगितलं. सगळे पुढे झुकून ऐकत होते. वेल्डिंगवाले काका म्हणाले, "आमच्या डोहात साती आसरा हायत. त्यांना खण-नारळ लागतो. ह्याचं काकडीवर भागतंय, सोयीचं काम हाय."

मी ते जपानीत सांगितलं आणि सान साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग रोजच एक गोष्ट. बर्फात भेटणारी पांढरी बाई, जुन्या झालेल्या अवजारांत येणारा जीव, डोंगरात राहणारा लांब नाकाचा तेंगू. अवजारांची गोष्ट ऐकल्यापासून आमची पोरं सर्वांत जुन्या मशीनला पाया पडून चालू करायला लागली. माझ्या घशाला रोजचं काम मिळालं. आपलं ऐकायला कुणी वाट बघतंय, हे औषध कुठल्या दुकानात मिळत नाही.

एकदा आईने त्यांना जेवायला बोलावलं. वस्तीकडे येताना गावातल्या मारुतीच्या देवळापाशी गाडी थांबली, कारण रस्त्यात शेळ्या होत्या. सान साहेब खाली उतरले. देवळाच्या भिंतीला टेकून एक वीरगळ उभी आहे, शेंदूर लावलेली. खालच्या चौकटीत गायी आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. सान साहेब त्या दगडापुढे कमरेत वाकले आणि तसेच बराच वेळ राहिले. शेळ्यावाल्या आजोबांनी टोपी काढून हातात घेतली.

घरी आई पिठलं-भाकरी वाढत असताना त्यांनी तिला विचारलं, तो दगडावरचा वीर कोण?

"नाव कुणाला म्हाईत न्हाई," आई म्हणाली. "चोर गावाच्या गायी वळवून नेत हुते. ह्यो एकटा आडवा गेला. गायी आल्या, ह्यो न्हाई आला."

मी भाषांतर केल्यावर त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग त्यांनी स्वतःच्या गावची गोष्ट सांगितली. तिथे नदीच्या वळणावर असाच एक बिननावाचा दगड आहे. लढाईत हरलेली फौज पळत होती, गावची माणसं पोराबाळांसह पूल ओलांडत होती, आणि एक सामुराई पुलावर मागे थांबला. शेवटची म्हातारी पलीकडे पोचेपर्यंत त्याने शत्रूच्या कुणाला पुढे येऊ दिलं नाही. गावात कधी 'तो मेला' असं म्हणत नाहीत. 'तो पुलावर आहे' असं म्हणतात. शेतात लावणी झाली की त्याच्यापुढे भाताचा मुटका ठेवतात.

माझा धाकटा भाऊ भाकरीचा घास हातात धरून बसला होता. तो शेती बघतो, डेअरीला दूध घालतो आणि राहिलेल्या वेळात गिटार वाजवतो. इंटरनेटवर बघून शिकलेला. त्याच्याकडे चालींचा ढीग होता, शब्द नव्हते. सान साहेब गेल्यावर तो म्हणाला, "ताई, ही गोष्ट मला पाहिजे."

"माझी कुठंय? साहेबांना विचार."

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. "माझीही नाही," ते म्हणाले. "घेऊन जा. फक्त त्याला पुलावरून खाली उतरवू नका."

भावाने आणि त्याच्या ड्रम वाजवणाऱ्या मित्राने (तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो) कामाला सुरुवात केली. शब्द मी मराठीत लिहिले, मध्ये मध्ये जपानी ओळी घातल्या. गुरगुरणारा गायक मात्र टिकेना. एक मुलगा नगरहून यायचा, त्याला बंगळुरात नोकरी लागली आणि तो गेला.

मग ती संध्याकाळ आली. मी शेळ्यांना पाला टाकायला गेले होते. दिवस मावळला होता, पण दिसत होतं. शेजारच्या उसातून बिबट्या बाहेर आला आणि बांधावर थांबला, करडापासून चार हातांवर. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज येईना. पुन्हा प्रयत्न केला, आणि या वेळी छातीच्या खालून काहीतरी वर आलं, जाड, खरखरीत, घरंगळत येणाऱ्या दगडांसारखं. ते माझ्या तोंडातून निघतंय हे मला शेळ्या उधळल्यावर कळलं. बिबट्याने कान मागे केले आणि तो उडी मारून उसात गेला.

भाऊ फावडं घेऊन पळत आला. "कोण वराडलं?"

मी स्वतःकडे बोट केलं. आधी त्याने करडं मोजली, मला पाणी पाजलं, वन खात्याला फोन लावला. आणि मग, अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, तसं परत करता येईल?"

"बिबट्या परत आणतोस?" मी कुजबुजले. दोघेही हसायला लागलो आणि मग मला रडू आलं.

डॉक्टर बाईंनी पुन्हा नळी घातली आणि मला तो आवाज काढायला लावला. शेजारची नर्स दचकली. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "गंमत आहे. हा आवाज तुमच्या आजारी पट्टीतून येतच नाहीये. तिच्या वरच्या घड्या थरथरतायत." त्यांनी मनाई केली नाही, पण ताकीद दिली: नीट शिकून करा, दुखलं की थांबा, दर काही महिन्यांनी दाखवा. भावाने या गायकीची एक शिक्षिका शोधली. ती व्हिडिओ कॉलवर शिकवायची. श्वास कुठे धरायचा, जोर कुठे द्यायचा नाही. गवळण म्हणताना पोटातून श्वास घ्यायची सवय होती, ती इथे जशीच्या तशी कामाला आली.

आईला हे सगळं पचायला वेळ लागला. "डेथ म्हंजे मरनच ना? घरात कशाला त्ये? आन् तू अशी अंगात आल्यावानी…" तिचं वाक्य अर्धंच राहायचं. रेकॉर्डिंगसाठी खोलीच्या भिंतींना लावायला आम्ही गोधड्या मागितल्या, त्या तिने मुकाट्याने दिल्या. एके दिवशी दूध तापवता तापवता म्हणाली, "बोल काय हायत त्ये वाचून तरी दाव."

मी पुलाचं गाणं वाचून दाखवलं. तिने गॅस बारीक केला. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पर त्याची आई? तिला कुनी सांगितलं का न्हाई, का ती वाटच बघत बसली?"

आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. सान साहेबांना विचारलं, त्यांच्या गावातही कुणाला माहीत नव्हतं. म्हणून अल्बमचं शेवटचं गाणं आम्ही तिच्यावर लिहिलं. ती पुलाच्या पलीकडच्या काठाला बसली आहे, सुटून आलेल्या प्रत्येकाला विचारते आहे. त्यात गुरगुरणं थोडं आणि गिटारची चाल जास्त. आमच्या सगळ्या गाण्यांत लोकांना तेच जास्त भावतं.

मशीनचं काम संपलं आणि सान साहेबांची परत जायची वेळ आली. निरोपाच्या दिवशी कामगारांनी त्यांना फेटा बांधला. मी म्हटलं, गाणी झाली आहेत, हेडफोनवर ऐका, आवाज फार मोठा आहे. ते म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलेल्या गोष्टी आहेत, सगळेच ऐकू." कॅन्टीनमधल्या स्पीकरवर पुलाचं गाणं लागलं. स्वयंपाकघरातल्या मावश्या कानावर हात ठेवून बाहेर आल्या. सान साहेब फेटा बांधलेले, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. चेहऱ्यावरून काही कळेना.

गाणं संपलं. ते उठून माझ्यासमोर आले. "शेजारच्या खोलीत आम्ही तुमच्या जवळ येऊन बसायचो," ते म्हणाले. "आज मला वाटलं थोडं मागे सरकावं."

मी ते मराठीत सांगितलं आणि अख्खं कॅन्टीन हसलं. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला. मीही वाकले, आणि कुणी आधी सरळ व्हायचं ते कळेना.

अल्बमचं नाव आम्ही 'पूल' ठेवलं. तो इंटरनेटवर टाकला. फार मोठं नाव वगैरे झालं नाही. पण कुठून कुठून लोक लिहितात. जपानमधूनही लिहितात, आणि काहींना मराठी शब्दांचा अर्थ हवा असतो. तो मी त्यांच्या भाषेत कळवते. पुण्यात जाऊन शिकलेल्या भाषेचं हे दुसरं काम.

यंदा नगरला एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम झाला. कारखान्यातली मंडळी टेम्पो करून आली. वेल्डिंगवाले काका पहिल्या रांगेत, मान कधी हलवायची ते शेजारच्या पोराकडे बघून शिकत होते. आई खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसली होती. मी स्टेजवरून बघितलं तर ड्रमच्या दणक्याने ती दर वेळी डोळे मिटत होती, पण कानांवर हात नव्हते. कार्यक्रमानंतर कॉलेजची एक मुलगी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "काकू, तुमची मुलगी भारी गाते."

"व्हय," आई म्हणाली, "पहिल्यापासूनच गाती." मग तिने पर्समधून चिवड्याची पिशवी काढली आणि त्या मुलीसमोर धरली. ड्रमवाला, भाऊ, काका, सगळे तिथेच गोळा झाले, आणि हॉलवाला दिवे मालवायला आला तरी कुणी हलेना.