पाणी इला

गोष्ट रंगवून सांगायची मला जुनी खोड आहे. लग्नाचा मांडव असो, सावंतवाडीचं तळं असो की घाटात बंद पडलेली एसटी; चार माणसं भेटली की मी नोकरीतला एखादा चोर बाहेर काढतो आणि त्याच्या आवाजात बोलू लागतो. बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा साहेब म्हणाले होते, खात्यातला एक अधिकारी गेला आणि दशावतारातला एक नट वाढला.

पण एक प्रकरण मी कुठल्याच मांडवात सांगितलेलं नाही. कुणाच्या घरी नळ सुरू होतो, आतून कोणी तरी 'पाणी आलं' म्हणून हाक देतं आणि ती घटना पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहते. आज ती लिहून टाकतो. नाव कोणाचंच देणार नाही, गावाचंही नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. स्टेशन डायरीत रोज येणार काय, तर कोणाची म्हैस कोणाच्या नाचणीत शिरली, कुंपणाचा खुंटा कोणी हातभर सरकवला. ठाण्यापासून थोड्या अंतरावर घाटरस्त्याचा पूल होता. पुलाखालून वाहणारा व्हाळ, म्हणजे आमच्याकडचा ओढा, एका अरुंद घळीतून येत असे. त्या घळीतून दगडांवर हातपाय टेकत, कधी कमरेएवढ्या पाण्यातून तासभर वर गेलं की एक धबधबा लागतो. पाटी नाही, कठडा नाही, नकाशावरही नाही. खाली काळाभोर कोंड, म्हणजे डोह, गारगार पाण्याचा. वाट वळणावळणाची असली तरी घळीचं तोंड नेमकं पुलाकडे आहे. शंखात फुंकावं तसा वरचा आवाज सरळ पुलावर येतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पाऊस सरत आला होता. पुण्याहून चार मित्र आले, पंचविशीतले. गावातल्या साठीच्या वाटाड्याला सोबत घेऊन सकाळीच वर गेले. दुपारी तिघेच खाली आले. चौथा दुसऱ्या दिवशी मिळाला, बराच खाली, करंजाच्या मुळांत अडकलेला. पंचनामा मीच केला. त्याच्या एका पायातला बूट नीट बांधलेला होता, दुहेरी गाठ मारून.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पण तिघांनी जबाब दिला की, वाटाड्या काही न सांगता एकटाच काठावर चढला आणि मागून लोंढा आला. खाली ऊन असताना घाटमाथ्यावर पाऊस पडतो आणि व्हाळ अचानक फुगतो, हे आम्हाला माहीत; त्यांना कुठून माहीत असणार? ते सांगायलाच तर वाटाड्या नेला होता. बातमी झाली. वरून फोन आले. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा वाटाड्यावर दाखल करायचा, हे जवळजवळ ठरलंच.

वाटाड्याचा जबाब माझ्या हवालदाराने घेतला होता. हवालदार घाटावरचा, अक्षर मोत्यासारखं. जबाबात होतं, "पाणी आले असे मी ओरडलो व वर चढलो." मी वाटाड्याला समोर बसवला. खुर्चीच्या कडेवर टेकला होता, गुडघे जुळवून.

"पाणी आलं, एवढंच म्हणालास?"

"होय साहेब. पाणी आले, असे म्हणालो."

"पळा, वर चढा, असं काही नाही?"

"नाही साहेब."

"त्यांनी तर काही ऐकलंच नाही म्हणे."

मग त्याची सरकारी मराठी संपली. "माझो आवाज पोचाक नाय," तो म्हणाला. "पाण्यान खाल्लो."

मला वाटलं, सापडला. मनातल्या मनात त्याच्या चुकीचं वाक्यही मी जुळवून टाकलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला जेवायची घाई होती.

इतक्यात दारात एक मासेवाली आली. आठवड्यातून दोनदा ती किनाऱ्यावरून पहिल्या गाडीने आमच्याकडे येई. माझी आईही मालवणात मासळी विकायची, त्यामुळे हिच्याशी माझं जमायचं, म्हणजे ती बोलायची आणि मी ऐकायचो.

"सायब, बांगडे होये?"

"आज नको गो."

"आज कित्याक होये? आज तुमी म्हाताऱ्याक खातलास." पाटी तिने दारातच उतरवली. "तेका बसवन ठेवलास मा?"

"चौकशी चालू आहे. त्याने त्या पोरांना सावध केलं नाही."

"कोण म्हणता? मी त्या दिसा पुलार होतंय. पुलाखाली तीन बायको धुणी धुय होत्यो. तेची आरड आयकलंय नि तेंका वर बोलयलंय. रांडेचो एक टॉवेल व्हावान गेलो, पण बायको वाचल्यो. इतक्या लांब माका आयकाक इला, आणि थंय बाजूक होते तेंका नाय? कानात काय तेंच्या चिखल?"

"काय ओरडला तो? नेमके शब्द सांग."

तिने पदर खोचला, तळहात तोंडाशी धरला आणि ठाण्याचं छप्पर हलेल अशी आरोळी दिली, "पाणी इलाऽऽ"

आणि मी माझ्या आयुष्यातलं सर्वात विचित्र दृश्य पाहिलं. पायरीशी बाटली भरत असलेला आमचा शिपाई, इथलाच पोरगा, एका उडीत दोन पायऱ्या वर चढला. का चढला, ते त्यालाही कळलं नाही. हवालदार शांतपणे लिहीत राहिला. आणि मी? मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

आमच्या मुलखात 'पाणी इला' ही बातमी नसते. व्हाळाकाठी हे दोन शब्द ऐकले की जो आहे तो, जसा आहे तसा, हातातलं टाकून काठावर चढतो. 'पळा' वेगळं म्हणावं लागत नाही. लहानपणी आईने हेच शब्द ओरडून मला खाडीतून किती वेळा बाहेर काढलं असेल. तेच शब्द मी कागदावर 'पाणी आले' असे वाचले आणि मला काहीही झालं नाही. खुर्चीचा मान राखायचा म्हणून तो म्हातारा माझ्याशी शुद्ध बोलला होता. मीही त्याच्याशी शुद्धच बोललो. दोघेही मालवणी मुलखातले, आणि मध्ये टेबल.

त्याच दुपारी जबाबावर सह्या करायला मी तिघांना बोलावलं. नाटक्या माणसाला नाटक सुचतं. मासेवालीला मी मागच्या अंगणात उभं केलं. तिघे टेबलाशी वाकले आणि मी खिडकीतून मान हलवली.

आरोळी झाली. दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिसऱ्याने पाहिलं नाही. त्याचं पेन थांबलं आणि डोळे मिटले गेले.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट मला खटकत होती. आपला फोन पाण्यात गेला असं तो सांगत होता. ज्याचा फोन खरोखर जातो त्याचा हात दिवसभर रिकाम्या खिशाकडे जातो. ह्याचा हात एकदाही गेला नव्हता.

"फोन दे," मी म्हणालो.

त्याने मोज्यातून काढून दिला. "साहेब, मी मस्करी केली होती," एवढंच तो म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला.

फोनमध्ये धबधब्याचं चित्रण होतं, अर्ध्या मिनिटाचं. पांढरं पाणी, कोंडात दोघे, तिसरा खडकावर. मग वरून वाटाड्याचा आवाज, अगदी स्पष्ट, "पाणी इलाऽऽ" त्यावर चित्रण करणाऱ्या ह्या मुलाचा आवाज, "पाणी आलं रे, बादल्या भरून ठेवा." सगळे हसतात. पुण्यात पाणी आलं म्हणजे नळाला आलं. घरात आनंद होतो. वाटाड्या पुन्हा ओरडतो, ह्या वेळी आवाज फाटलेला. मग कोंडातला एक जण, जो नंतर मिळाला तो, हात वर करून त्याची नक्कल करतो, "इलो रे इलो, पाणी इला." सकाळपासून ते वाटाड्याच्या बोलीची अशीच थट्टा करत होते. नक्कल मात्र ह्या गेलेल्या मुलाला सगळ्यांत चांगली जमली होती. मग चित्र हलतं आणि संपतं.

तिघांनीही ऐकलं होतं. आपण हसलो हे कोणालाच सांगायचं नव्हतं.

वाटाड्याला मी बाहेर ओसरीवर नेलं, शेजारी बसलो आणि आमच्या बोलीत म्हटलं, "तुजो आवाज पोचलो होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मगे?"

प्रत्येक चोराचा आवाज मला काढता येतो. त्या वेळी माझा स्वतःचाही निघेना. "तेंका कळाक नाय," मी म्हणालो.

"मी आदी समजावक होया होता," तो म्हणाला. आवाज पाण्याने खाल्ला असं वाटत होतं तोवर त्याला थोडा तरी आधार होता. तो मी काढून घेतला होता. सुटका करून आणलेल्या माणसाचा चेहरा असा असतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी गेलेल्या मुलाची आई आली. पुण्यातल्या शाळेत शिक्षिका होती. गळ्यात बारीक क्रूस, साडी चुरगळलेली. शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत तिने विचारलं की, माझ्या मुलाला कोणी सावध केलं होतं का? मी चित्रण दाखवणार नव्हतो. ती म्हणाली, "मला ऐकू द्या. मी मूळची मालवणची आहे."

वाटाड्याची पहिली आरोळी आली आणि बाई खुर्चीतून उठून उभी राहिली. अगदी माझ्यासारखीच. मग हसणं आलं. मग तिच्या मुलाची नक्कल.

तिने चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. नंतर बोलली ती वेगळ्या भाषेत.

"मी तेका ही भास शिकवूक नाय. शाळेत हसतीत म्हणान. भयणीवांगडा फोनार बोलतंय तेव्हा दार ओढून घेय." तिने फोनकडे बोट दाखवलं. "दाराभायर आयकत असतलो. नायतर इतकी बरी कशी येयत? माझी भास पयल्यांदाच बोललो तो."

तो मस्करी करणारा मुलगा बाहेर बाकावर होता. तिने त्याच्यावर तक्रार दिली नाही. जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने मान वर केली नाही.

तिघांचे जबाब नव्याने घेतले, अपघाती मृत्यूचा अहवाल गेला, प्रकरण बंद झालं. पुढच्या नोकरीत मी एक नियम पाळला. समोरचा माणूस घरी जसं बोलतो तसंच आधी मी बोलायचो, आणि जबाबात त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहायला लावायचो. वरच्या कार्यालयातून शेरे आले, 'भाषा सुधारावी'. मी नाही सुधारली. माणूस साहेबासमोर शुद्ध बोलू लागला की त्यातलं महत्त्वाचं बाहेरच राहतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. आणि पोरांपुढे आपली बोली झाकून ठेवणाऱ्या आईबापांना भेटलो की मला तो दुहेरी गाठ मारलेला बूट दिसतो. त्यांना मी काही सांगत नाही. सांगायला हवं, पण सांगत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी पुन्हा त्या घळीत गेलो, धापा टाकत. वाटाड्या आता खूप थकलाय, पण वर येतोच. घळीच्या तोंडाशी सगळ्यांना रांगेत उभं करतो, मास्तरासारखा. "मी 'पाणी इला' म्हटलंय, तुमी काय करतलास?" नाशिकचे असोत की दिल्लीचे, "धावतलंव" असं म्हटल्याशिवाय पाण्यात पाय घालू देत नाही. मलाही म्हणायला लावलं. निवृत्त अधिकाऱ्याला सूट नव्हती.

वर धबधब्यासमोरच्या उंच खडकावर त्याची जागा आहे. त्या जागेवर त्याच्या शेजारी एक तरुण बसला होता. मी ओळखलं, बादल्यांची मस्करी करणारा तो. दर वर्षी ह्या दिवसांत चार-पाच दिवस येतो, वाटाड्या म्हणाला. पाण्यात उतरत नाही. दोघे बोलतही नाहीत फारसे. नुसते धबधब्याच्या माथ्याकडे बघत बसतात.

तासाभराने माथ्यावरचं पांढरं पाणी कडेला जरासं चहासारखं गढूळ झालं. मला दिसलंही नव्हतं. म्हातारा उठू लागला, पण त्याच्या आधी तो तरुण उभा राहिला, तळहात तोंडाशी धरला आणि ओरडला. उच्चार अजून पुण्याचाच आहे. पण कोंडातली माणसं हातातलं टाकून काठावर चढली, एकही हसलं नाही.

म्हाताऱ्याने बोटांवर सगळ्यांना मोजलं. मग त्या तरुणाच्या खांद्याला धरून हळूच खाली बसला.

"तुजो आवाज पोचलो," म्हणाला.