घाटंजीच्या रस्त्यावरून पाहिलेलं बोंड

दुर्बीण घ्यायला यवतमाळ जिल्ह्यात चालले म्हटल्यावर आमच्या घरात हशा पिकला. "लोक तिकडून कापूस आणतात, वहिनी," असं दीर म्हणाले. म्हणोत बापडे! मी लातूरच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि चार मुलींना नेमबाजी. त्यातली स्नेहल पन्नास मीटरवर रायफल मारते. पालथं पडून गोळी सोडायची, आणि ती समोरच्या निशाणाच्या कार्डावर कुठे लागली ते सगळं संपून कार्ड हातात आल्यावर कळायचं. बाकीच्या मुली बाजूच्या तिपाईवरच्या स्कोपला, म्हणजे एका डोळ्याच्या दुर्बिणीला, डोळा लावतात आणि पुढची गोळी सुधारून मारतात. राज्याच्या संघाची निवड पुढच्या रविवारी होती, आणि स्नेहलचं हे शेवटचं वर्ष. स्कोप नसेल तर पोर आंधळी खेळणार होती.

नव्या स्कोपची किंमत ऐकून मी दुकानदाराकडे प्यायला पाणी मागितलं होतं. मग कुणीतरी घाटंजीच्या रशीदभाईंचं नाव सांगितलं. मोजणीची यंत्रं, दुर्बिणी दुरुस्त करतात आणि जुन्या विकतात. जुनं विकणारा माणूस म्हटलं की मी आधी पिशवी घट्ट धरते. मागे एका गृहस्थाने मला शिलाई मशीन विकलं होतं, त्यात सुईच टिकत नव्हती. तेव्हापासून घरात माझं नाव 'फौजदारीणबाई' आहे.

नांदेडला गाडी बदलली. पैनगंगा ओलांडली तशी दोन्ही बाजूंनी कपाशी सुरू झाली. गाडीतून हिरवीगार दिसत होती, पण झाडावर कापूस फुटलेला फारसा दिसेना. शेजारच्या काकांची नजर माझ्या पिशवीतल्या कार्डांच्या गुंडाळीवर होती. मी पिशवी मांडीवर घेतली.

"नकाशे हायेत काय जी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग काय मोजाले चालल्या?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. अनोळखी माणसाला आपण कुठे चाललो ते कशाला सांगायचं? महागावला गाडी थांबली तेव्हा आलूबोंडा घेतला. वर तर्री (तिखट लाल रस्सा) ओतून देतात. पिशवी काखेत, प्लेट हातात, त्यामुळे निम्मी तर्री पदरावर आली. पण चव अशी की नाकाडोळ्यांतून पाणी येत असतानाही मी दुसरा मागितला. काका लांबून बघत होते. आर्णीला पुन्हा गाडी बदलली आणि दुपारी घाटंजीत उतरले.

रशीदभाई साठीचे, कपाळावर भिंग बांधलेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी दोन स्कोप पुढे ठेवले. एक काळाभोर, चकचकीत, अंगावर साठपट लिहिलेलं. दुसरा पोचे आलेला, जुनाट, पंचवीसपट. साठवाल्याची किंमत जुन्याच्या दुप्पट, पण मैत्रिणीकडून थोडे पैसे उसने आणले होते, तेवढ्यात बसत होती.

"ताई, जुना घ्या," रशीदभाई म्हणाले.

झालं! माझे कान टवकारले. जो दुकानदार स्वस्तातली वस्तू घ्या म्हणतो, त्याच्या मनात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

"का? तो खपत नाही का?"

"साठपट मतलब नुसता आकडा हाय. समोरचं भिंग लहान, काच हलकी. मोठं दिसते, पन धुरकट दिसते. पन्नास मीटरले पंचवीसपट बहोत झालं. अन् याचा डोळा वरून तिरपा हाय, पोरगी झोपल्या झोपल्या पाहीन, मान उचलाची गरज नाही."

"आत बुरशी असेल."

त्यांनी स्कोप उजेडाकडे धरून मला आतून दाखवला. काच स्वच्छ होती. मला वाटलं, हा दाखवतोय तिथेच स्वच्छ असणार.

"दुकानात मी काही घेत नाही," मी म्हटलं. "बाहेर, पन्नास मीटरवर, माझं कार्ड लावून बघणार."

रशीदभाई हसले. स्कूटरवर मला आणि दोन्ही स्कोपना गावाबाहेर घेऊन गेले. रस्त्याला लागून कपाशीचं शेत होतं आणि पलीकडच्या धुऱ्यावर (बांधावर) बाभूळ. त्यांच्याकडे टेप होता, पण मी अंतर स्वतः पावलांनी मोजलं. स्नेहलचं जुनं कार्ड बाभळीला बांधलं आणि रस्त्यावर येऊन तिपाई लावली. साठपटीतून कार्ड कसं भलंमोठं दिसलं! भोकंही दिसली. जुन्यातूनही दिसली, पण लहान. मी मनात ठरवून टाकलं, चकचकीतच घ्यायचा. म्हातारा मला उगाच जुना गळ्यात मारत होता.

तेवढ्यात कपाशीतून आवाज आला. "काहून जी रशीदभाऊ, आता तुमीबी त्यायले आणून राह्यले काय?"

कमरेला कापूस वेचायची झोळी बांधलेली एक बाई तरातरा आमच्याकडे आली. शेत तिचं होतं. नाव सुमनबाई.

"कोनाले आणलं, वहिनी? ह्या तं..."

"मले शिकवू नका. आणेवारीवाल्या हायेत ह्या." आणेवारी म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, मदत मिळायची की नाही ते त्यावर ठरतं. "मागच्या खेपेले साहेब जीपीतून उतरले नाहीत. रस्त्यावरूनच म्हनले, हिरवं हाय, चांगलं हाय. अन् आता दुर्बीण घेऊन आल्या! शेतात पाय टाकाले लाज वाटते काय, मॅडम?"

"अहो, मी शाळेत खेळ शिकवते. लातूरहून आलेय."

"हो, अन् मी कलेक्टर!"

आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला. माझं खरं कुणी खोटं ठरवलं की किती झोंबतं, ते त्या दिवशी समजलं. मी वही काढून स्नेहलचे गुण दाखवायला गेले, तर वही पाहून त्यांची खात्रीच पटली.

सुमनबाईंनी पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) दोन हिरवी बोंडं तोडली, धुऱ्यावर जाऊन माझ्या कार्डाशेजारी बाभळीला अडकवली आणि परत येऊन म्हणाल्या, "पाहा आता इथूनच. सांगा काय दिसते."

मी साठपटीला डोळा लावला. "छान आहेत की. चांगली भरलेली बोंडं आहेत."

"सरका." त्यांनी स्वतः डोळा लावला आणि कडवट हसल्या. "वा! यात तं माल एक नंबर दिसते. साहेबाचीबी दुर्बीण अशीच असन." मग जुन्याला डोळा लावला, आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. "हां. याच्यात दिसते. या, मॅडम."

मी पाहिलं. बोंडाच्या खालच्या अंगाला बारीक, गोल भोक. गुलाबी अळी आतलं खाऊन जिथून बाहेर पडते ते. दुसऱ्या बोंडाला दोन होती. पुन्हा साठपटीतून पाहिलं, तर नुसता हिरवा धूर.

मग मला माझी चूक उमगली. कार्ड माझंच होतं, त्यावरची भोकं मला पाठ होती, म्हणून ती दोन्हींतून दिसली. मी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं! रशीदभाईंकडे बघायची मला लाज वाटली.

"माफ करा, भाई," मी म्हटलं. "जुनाच द्या."

"कायची माफी, ताई? पाहून घेतलं, बरं केलं."

पण सुमनबाई हलेनात. "आता लिहा."

"अहो, माझ्या लिहिण्याला काडीची किंमत नाही. मी सरकारी नाही."

"समजलं मले, तुमी सरकारी नाही. सरकारी बाई माफी मांगत नाही. पन रस्त्यावर उभं राहून पाह्यलं अन् तरी किडलेलं दिसलं, हे तं खरं हाय नं? तेवढंच लिहा."

तीनदा वाचल्याशिवाय मी वीजबिलावरसुद्धा सही करत नाही. पण शेतात उतरले, त्यांच्यामागून दोन तास फिरले, बोंडं फोडून पाहिली. आत सडकी कवडी (नीट न फुललेला, खराब कापूस), तिच्यात गुलाबी अळ्या. पाहिलं ते लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, खाली नाव, गाव घालून सही केली आणि पान फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घडी करून ते झोळीत नाही, पदराच्या गाठीत ठेवलं. निघताना तुरीच्या उकडलेल्या शेंगा दिल्या. त्या मी गाडीत शेजाऱ्यालाही दिल्या.

रविवारी पहिल्या पाच गोळ्यांनंतर स्नेहलने मान न उचलता स्कोपला डोळा लावला. "बाई, सगळ्या डावीकडे खाली," ती म्हणाली. मला वाटलं, निवड गेली. पण ती शांतपणे रायफलवरच्या नेम धरायच्या साइटचे खटके फिरवत होती. त्यानंतरच्या गोळ्या कार्डावरच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध बसत गेल्या. संघात तिची शेवटून दुसरी जागा लागली. मी तिथेच मैदानावर रडले, त्यात कसली लाज?

स्नेहलला स्वतःची चूक दिसायला हवी होती, ती दिसली. सुमनबाईंचं तसं नव्हतं. त्यांना आपल्या बोंडांची भोकं रोज उघड्या डोळ्यांनी दिसत होती. दुसऱ्या कुणीतरी ती पाहावीत, एवढंच त्या मागत होत्या, आणि त्यांच्या वाट्याला मी आले. तो कागद त्यांनी कुणाला दाखवला का, कुणी तो वाचला का, मला माहीत नाही. कुणी विचारलंच, तर सही माझीच आहे.