धूम्रऋतूतली बाई

नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मला वाटलं, आता निदान गॅलरीतल्या कुंड्यांना वेळेवर पाणी मिळेल. त्याने एक जग निर्माण करायला घेतलं.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत तो शिफ्ट इंजिनियर होता. घरी बसल्यावर त्याच्या डोक्यात कल्पनारम्य कादंबरीचं खूळ शिरलं. राजे, ड्रॅगन, दोन चंद्र, असलं सगळं. जोडीला त्याचा कॉलेजमधला मित्र, बँकेतून रिटायर झालेला, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणारा. मी शाळेत भूगोल शिकवून करंजाड्याला घरी पोचायचे तेव्हा हे दोघे हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसलेले असायचे, आणि कादंबरीची एक ओळही झालेली नसायची. कारण आधी कालगणना हवी, असं मित्राचं म्हणणं होतं. आठवडा नऊ दिवसांचा की दहा, यावर त्यांनी सबंध पावसाळा घालवला. मग महिन्यांची नावं. तमिस्र, निनाद, हिमगर्भ. घरात कुठल्या तारखेला गॅस संपतो हे ज्याला कधी कळलं नाही, तो एका नसलेल्या राज्याचं पंचांग मांडत होता. हिमगर्भात म्हणे सगळा देश बर्फाखाली जातो. नवऱ्याने बर्फ एकदाच पाहिलाय, मनालीला, तोही हॉटेलच्या खिडकीतून, दोन रजया पांघरून.

"दोन चंद्र आहेत, तर भरती-ओहोटीचं काय?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, ही फँटसी आहे," मित्र समजूत घातल्यासारखा म्हणाला. "इथे भूगोल लागू होत नाही."

"भूगोल नाही तर ऋतू कुठून आले?"

दोघांनी एकमेकांकडे बघून स्मित केलं. वर्गात मागच्या बाकावरची मुलं करतात तसं.

ऋतू पाच होते. त्यातल्या पाचव्याचा नवऱ्याला फार अभिमान. धूम्रऋतू. वारे फिरतात, आकाश राखेसारखं होतं, माणसं तोंडाला फडकी बांधून हिंडतात. मी म्हटलं, थंडीत सकाळी खिडकी उघडली की आपल्याकडे हेच येतं, याला प्रतिभा लागत नाही, नाक लागतं. तो चिडला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला.

शेवटी कॅलेंडर पुरं झालं, आणि दोघांनी ते सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सादर करायचं ठरवलं. कादंबरी नव्हे, कॅलेंडर. प्रोजेक्टर लावला, खुर्च्या मांडल्या. लोक आले, कारण नंतर बटाटेवडे होते. मित्राने एकेक महिना असा समजावून सांगितला की लहान मुलं झोपली आणि मोठी माणसं मोबाईल बघायला लागली. मनापासून ऐकत होत्या त्या एकट्या मालकीणबाई. आमची बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे, वरचा अख्खा मजला त्यांचा. त्यांनी हात वर केला.

"भाऊ, सगलं बरं हाय. पन तुमच्या या वर्षात लगीन कवा लावायचं, ते नाय सांगितलं."

"धूम्रऋतू सोडून कधीही," नवरा म्हणाला.

"अजिबात नाही," मित्र म्हणाला. "दोन्ही चंद्र एकत्र येतात, फक्त त्याच दिवशी."

"तो दिस वर्षातून कितीदा येतो?"

"दर सात वर्षांनी एकदा."

"आन पोरगी तवर थांबली नाय तर?"

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. पण या दोघांची तिथेच जुंपली. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला न विचारता कसं ठरवलं. साठीला टेकलेले दोन पुरुष, नसलेल्या देशातल्या मुहूर्तावरून, चाळीस वर्षांची मैत्री मोडायला निघाले. मित्राने लॅपटॉपमधून पेन ड्राइव्ह उपसला आणि वडाही न खाता निघून गेला.

पुढे नवरा दिवसचे दिवस सोफ्यावर पडून असायचा. एका रविवारी मी वैतागून म्हटलं, "एवढे ऋतू केलेस, पण त्या देशात कुणी राहतं का? एक तरी माणूस दाखव मला."

आठवड्याभराने त्याने माझ्यासमोर एक पान ठेवलं. मी ते ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं. धूम्रऋतू. एक बाई. तिच्या खांद्यावर खोकणारं मूल. नवरा राजाच्या भट्ट्यांवर कामाला. ती धुरातून वैद्याकडे निघाली आहे, कमरेला तलवार. आणि वाटेत तिचा नवरा भट्टी सोडून धावत येतो, मूल तिच्या हातून घेतो.

तळोज्याला भाड्याने राहायचो तेव्हाची गोष्ट. मुलगा लहान होता आणि दर थंडीत खोकायचा. हा रात्रपाळी करून येऊन झोपलेला असायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून मी मुलाला स्वयंपाकघरात घेऊन बसायचे आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचे. मग रिक्षा करून पनवेलला डॉक्टरकडे. दुपारी हा उठायचा आणि विचारायचा, चहा आहे का. त्या दिवसांबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नव्हतो.

"तुला ऐकू यायचं?" मी विचारलं.

"कधीकधी."

"जागा असायचास?"

"दमलेलो असायचो गं." मग म्हणाला, "आणि तू होतीस ना."

मला रडू आलं नाही, राग आला. टॉवेल कोंबायचे मी, आणि हा पलीकडे डोळे मिटून ऐकत होता. इतक्या वर्षांनी धावत आला तो कुठे, तर कागदावर. तिथे वारेही याचे आणि महिनेही याचे, धावायला काय जातंय?

फ्रिजवर पेन्सिल होती. आधी मी तलवार खोडली. मग ते धावत येणं खोडलं आणि वर लिहिलं, 'तो जागा होता. उठला नाही.'

त्याने पान उचललं. मला वाटलं, फाडेल. त्याने आत जाऊन माझी दोन वाक्यं टाईप केली.

दिवाळीनंतर मित्र मिठाईचा बॉक्स घेऊन आला, जणू काही झालंच नव्हतं. त्याने पान वाचलं. "फार उदास वाटतं रे. शेवट बदल."

"बदलणार नाही," नवरा म्हणाला.

कॅलेंडरच्या सगळ्या चर्चांमध्ये त्याला एवढं ठाम बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्याचं कौतुक वाटणार इतक्यात दोघे नकाशा काढायला बसले. आता नदी कुठल्या बाजूने वाहणार यावर वाद चालू आहे. पान एकच आहे, दुसरं झालेलं नाही.

मुलगा पुण्याला असतो. त्या पानाचा फोटो नवऱ्याने मला न सांगता त्याला पाठवला. मुलाने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. नवरा तो अंगठा मला दाखवायला बाल्कनीपर्यंत आला. मी कपडे वाळत घालत होते. मी म्हटलं, "छान," आणि त्याच्या हातात चिमट्यांची टोपली दिली.