तुळशीराम जागल का करतो

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं. मोताळ्याजवळच्या आपल्या शेतात चांगुणा कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती आणि शेजारच्या ओळीतल्या नवऱ्याची परीक्षा घेत होती.

"साहेब इचारतीन, झोप लागते का?"

"जी साब, लागती है." तुळशीरामचा हात बोंडातून बाहेर आला, पाठ ताठ झाली, टाचा आपोआप जुळल्या.

"झालं," चांगुणा म्हणाली. "हेच आयकवाले नागपूरले जाचं का?"

तुळशीराम फौजेतून नायकाच्या हुद्द्यावरून घरी आला तेव्हा त्याच्या कागदांवर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मनाचा आजार, असं लिहिलेलं होतं. सरहद्दीकडच्या रस्त्यावर त्याच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली होती, आणि जे उरलं ते गोळा करणाऱ्यांत तो होता. अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली. गेल्या वर्षी फेरतपासणीच्या बोर्डानं ती बंद केली. कारण त्यानं स्वतःच पुरवलं होतं. रात्री काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं आणि त्यानं छाती काढून सांगितलं: शेताची जागल करतो साहेब, माझ्याच नाही, शेजाऱ्यांच्याही. रानडुक्कर असो की रोही, आत येत नाही. बोर्डाचा शेरा आला: जबाबदारीचं काम नियमित करतो, गावात मान आहे, चांगला सावरला आहे.

त्यात खोटं काही नव्हतं. बाकीचे राखणदार पहाटे मचाणावर घोरताना सापडत, तुळशीराम कधीच नाही. जनावरं हाकलायला फटाके मात्र तो फोडत नसे, नुसती बॅटरी घेऊन बांधावरून फिरे. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. आता अपिलाच्या बोर्डाचं नागपूरला बोलावणं आलं होतं. घरच्या माणसालाही आणा, असं त्यात होतं. हे अपील हरलं की एटीएमच्या दारात बंदूक घेऊन बसण्याची नोकरी तेवढी उरत होती, आणि बंदूक त्याला पुन्हा हातात धरायची नव्हती.

बांध ओलांडून दयाराम आला. तुळशीरामचा चुलतभाऊ, शेजारचं शेत त्याचं.

"अबे तुळशा, असं सरळ बोलून काई होत नसते. दाढी वाढव. गुंड्या वाकड्या लाव. साहेबानं तुह्यं नाव इचारलं त त्याचंच नाव सांग."

"अन् मी काय करू, भाऊजी?" चांगुणा म्हणाली. "संगं झांज वाजवू?"

वेचणाऱ्या बाया हसल्या.

"हसा. येडा दिसल्याबिगर येड्याची पेन्शन भेटत नाई."

"येड्याची नाई ते," तुळशीराम म्हणाला. "अन् सोंग मी करत नाई. दाढी करूनच जाईन, कडक इस्त्री मारून."

"नका करू सोंग. पन 'ठीक है साब' हे बी सोंगच हाय. मागच्या टायमाले त्यानंच घालवलं. तुमी नाई सांगतलं तं मी सांगीन. मले बोलावलंच हाय."

"घरातली गोष्ट हाय ते."

"पोरीनं दोन हप्ते गळ्याले ओढनी बांधून शाळा केली, ते घरातलं. पेन्शन तोडली, ते घरातलं नाई."

"काऊन? काय झालतं पोरीले?" दयारामानं विचारलं.

बायांचे हात थांबले. तेव्हा चांगुणानंच गावभर सांगितलं होतं की लेकीच्या, राखीच्या, गळ्यातल्या गाठी सुजल्या आहेत. आत्ताही एखादी थाप तिच्या तोंडाशी आली. तिनं ती गिळली आणि नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. सांगायचं ते त्यानंच सांगावं, म्हणून ती त्याच्या मदतीला जाणार नव्हती.

"मी झोपलो होतो," तुळशीराम म्हणाला. "राखी अंगावर पांघरून टाकाले आली. म्या झोपेत तिचा गळा धरला. हिनं सोडवला. तवापासून रातच्याले घरात झोपलो नाई. म्हनून जागल करून राह्यलो."

"आमाले वाटलं तुले हौस हाय."

"वाटू देलं."

दयारामानं आवाज खाली आणला. "हे बोर्डात सांगसान तं कागदावर येईन वहिनी. उद्या राखीचं लगन कराचं हाय."

"ज्याले हे आयकून पोरगी नको वाटन, त्याच्या घरी मलेच द्याची नाई," चांगुणा म्हणाली. आवाज तिनं खाली आणला नाही. मग ती नवऱ्याकडे वळली. "झोप लागते का?"

"नहीं साब." या वेळी त्याचे हात बोंडातच होते. "सोने से डरता हूँ. अपने ही हाथों से."

"तेथं बी असंच सांगजा."

"सांगीन. पन दाढी करून."

"करा ना. म्या कुठं नाई म्हनलं."

बोर्ड परवा सकाळी आहे. उद्या पहाटे पावणेसहाला मोताळ्याहून मलकापूरची एसटी सुटते, तिथून नागपूरची रेल्वे. बारावीतल्या राखीनं कॉलेजातून दोन दिवसांची सुटी घेतली आहे. तीही जाणार आहे.